सासूबाईंचं थेट प्रक्षेपण

कोकरे सर चालू टीव्ही थांबवणार आहेत, ही बातमी कॉलनीत पसरली तेव्हा सर कॉलेजात भूगोलाचा तास घेत होते. संध्याकाळी त्यांनी स्कूटर स्टँडवर चढवली न चढवली तोच शेजारचे बापूसाहेब जगताप कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून उभे दिसले. बापूसाहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तारेतून, हवेतून किंवा नळातून घरात जे जे येतं त्या सगळ्यावर आपला शब्द शेवटचा, असं ते मानत आणि कॉलनीही निमूटपणे मान्य करी.

"सर, एक विचारायचं होतं. थांबवणार ते तुमच्यापुरतंच, का सगळ्या बारामतीचं?"

"आमच्यापुरतंच हो."

"मग हरकत नाही. आमच्या हिची मालिका असते, म्हणून म्हटलं."

आता कोणी इतकं विचारल्यावर प्राध्यापक माणूस गप्प बसत नाही. सरांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि समजावून सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड बसवायचं. अँटेनाची वायर त्या कार्डाला जोडायची. मुंबईहून आलेलं चित्र आधी कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरतं आणि मग पडद्यावर दिसतं. मध्येच कोणी दार वाजवलं तर बटण दाबून चित्र थांबवायचं. पुढचं चित्र तिकडे डिस्कवर साठत राहतं. आपण परत येऊन बसलो की जिथं सोडलं तिथून पुढं. वाटलं तर मागंही फिरवता येतं. शहरातसुद्धा फार लोकांकडे हे नाही, हे वाक्य सरांनी शेवटी, अगदी सहज आल्यासारखं, जोडून दिलं.

बापूसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, नाक खाजवलं.

"म्हणजे पाण्याच्या टाकीसारखं. वरून पाणी येतंय, खाली तोटी बंद."

"अगदी तसंच."

"मग टाकी केवढी घेताय?"

पुढं जे रामायण झालं त्याची सुरुवात या प्रश्नापासून झाली.

हे सगळं चाललं होतं ते सासूबाईंसाठी. इंदापूर तालुक्यातल्या बावड्याच्या रंगूबाई मारकड म्हणजे तिथल्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्षा. मुंबई दूरदर्शनवर शेतकऱ्यांसाठी जो संध्याकाळचा कार्यक्रम लागतो त्यात त्यांना बोलावणं आलं होतं. रेकॉर्ड करून नंतर दाखवायचं, असं नाही, थेट प्रक्षेपण. बाई तिथं बोलणार आणि त्याच क्षणी अख्खा महाराष्ट्र ऐकणार. बावड्यात पेढे वाटून झाले. रंगूबाईंनी एसटीडी बूथवरून बारामतीला फोन केला तेव्हा त्यांना एकच अडचण होती.

"जावईबापू, समदी मला बघत्याल. पर मी मला कशी बघायची? मी तर आत बसलेली असनार."

सर सासूबाईंना आत्या म्हणत. ते म्हणाले, "आत्या, तुम्ही काळजी करू नका. परत येताना बारामतीला उतरा. मी तुम्हाला मागं फिरवून दाखवतो."

"मला मागं फिरवनार?"

"तुम्हाला नाही, टीव्हीला."

"आसं व्हय," रंगूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण गावात त्यांनी काय सांगायचं ते सांगितलंच. दुसऱ्या दिवशी बावड्याहून बारामतीत बाजाराला आलेला एक पाहुणा वाट वाकडी करून सरांच्या घरी आला आणि म्हणाला, आमच्याकडं नेमकी त्याच वेळेला लाइट जाते, तर तेवढा वेळ टीव्ही धरून ठेवता आला तर बघा.

तर, टाकी. भिगवण रोडला रविराजचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. रविराज सरांचा जुना विद्यार्थी, भूगोलात कसाबसा पास झालेला, त्यामुळे सरांच्या ज्ञानाबद्दल त्याला अजून भीती होती. त्यानं दोन डिस्क पुढ्यात ठेवल्या. एक लहान, पण चपळ. दुसरी मोठी, पण जरा मंद. "मोठी घेतली तर जागेची चिंता नाही सर. फक्त तुमचा कॉम्प्युटर जुना आहे. तो तिला पुरती ओळखेल का नाही, सांगता येत नाही."

"ओळखणार नाही म्हणजे?"

"म्हणजे अर्धीच दिसेल त्याला."

सरांनी दोन्ही डिस्क हातात घेऊन वजन केलं, जशी बाजारात कलिंगडं बघतात. मग घरी येऊन कागदावर आकडेमोड मांडली. एका मिनिटाच्या चित्राला किती जागा, अर्ध्या तासाला किती, मध्ये कोणी आलं आणि थांबवावं लागलं तर वरकड किती. सरांची बायको म्हाळसा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. सर दारात जाऊन उभे राहिले.

"तुझी आई साधारण सहाशे एमबी होईल."

"तिला बसायला एक पाट पुरतो," म्हाळसा म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

मग सल्ले सुरू झाले. स्टाफरूममध्ये पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक म्हणाले की एकाच डिस्कवर लिहायचं आणि त्याच डिस्कवरून वाचायचं म्हणजे एका हाताने जेवायचं आणि त्याच हाताने वाढायचं. दुसरी डिस्क वेगळी हवी. मराठीचे प्राध्यापक म्हणाले, माणसाने काळ थांबवू नये. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. बापूसाहेब रोज संध्याकाळी भिंतीवर कोपरं टेकून नवी शंका काढत. उन्हाळ्यात डिस्क तापते का. तापली तर आतलं चित्र खराब होतं का. एक दिवस ते म्हणाले, "सर, माझ्या पुतण्याकडं व्हीसीआर आहे. आणून देऊ का त्या दिवसापुरता? कॅसेट घातली, बटण दाबलं, झालं."

सर हसले. ते हसणं बापूसाहेबांना लागलं, हे सरांच्या ध्यानातही आलं नाही. "बापूसाहेब, व्हीसीआर ही गेल्या जमान्यातली गोष्ट झाली. आपण आता एकोणीसशे नव्व्याण्णवमध्ये आहोत."

"राहिलं," बापूसाहेब म्हणाले.

शेवटी सरांनी मोठी डिस्क घ्यायचं ठरवलं, आणि वेगळी घ्यायचं ठरवलं. जुन्या डिस्कवर कॉम्प्युटरचं बाकीचं बिऱ्हाड, नव्या डिस्कवर फक्त टीव्ही. पण रविराजकडची मोठी डिस्क तेवढ्यात कुणीतरी नेली. म्हणून सर पुण्याला गेले आणि ती पाठीवरच्या पिशवीत दोन टॉवेलांत गुंडाळून एसटीनं घेऊन आले. वाटभर मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, मूर्ती आहे का. सर नाही म्हणाले तरी त्यांनी पिशवीला हात लावून नमस्कार केला.

नाक्यावर गाडी थांबली. जकातीचा कारकून वर चढला आणि त्याची नजर टॉवेलांवर पडली.

"काय आहे त्यात?"

"हार्ड डिस्क."

"म्हणजे?"

सरांनी सांगितलं. कारकून सभ्य माणूस होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग दराचं पुस्तक काढलं. त्यात रेडिओ होता, टीव्ही होता, शिलाई मशीन होतं, जनरेटर होता. हार्ड डिस्क नव्हती. "टीव्हीत धरू का?" त्यानं विचारलं. सर म्हणाले, हा टीव्ही नाही. "मग कॅसेटमध्ये?" सर म्हणाले, ही कॅसेटही नाही, हे कॉम्प्युटरचं हार्डवेअर आहे.

कारकुनाचा चेहरा उजळला. "हार्डवेअर आहे ना पण. मग आधी बोलायचं." आणि त्यानं पावती फाडली. पुढं गाडीत सरांनी ती वाचली. तिच्यावर लिहिलं होतं: बिजागऱ्या, कड्या वगैरे, नग एक.

डिस्क बसवायला रविराज घरी आला. कॉम्प्युटरचं झाकण काढलं. सरांच्या हातातून एक स्क्रू आत पडला आणि तो सापडेपर्यंत कॉम्प्युटर उलटा करून, पाखडतात तसा हलवावा लागला. मग नवी डिस्क दिसेना. रविराजनं सांगितलं की दोन डिस्क असल्या की एकीला मालक करायचं आणि दुसरीला गडी. दोघीही मालक झाल्यात म्हणून कॉम्प्युटर गोंधळलाय. तेही निस्तरलं. डिस्क दिसली, पण रविराजनं आधीच बजावल्याप्रमाणे अर्धीच. "अर्धीसुद्धा आत्यांना पुष्कळ आहे," सर म्हणाले आणि त्यांनी तो विषय संपवला. शेवटी अँटेनाची वायर कार्डाच्या भोकात बसेना. सरांनी सुरीनं जुनी पिन कापली आणि बारीक पिन लावली.

"जुन्या टीव्हीला मग वायर कशी लागनार?" म्हाळसानं विचारलं.

"त्याची गरजच काय आता?"

जुना टीव्ही उचलून तिनं आतल्या खोलीत नेला, त्याच्यावर विणलेला रुमाल घातला.

जाताना रविराज दारात थबकला. "सर, तेवढं सेटिंग करून देऊ का? चित्र कुठं साठवायचं ते प्रोग्रामला सांगावं लागतं."

"मी बघतो. पुस्तिका दिलीय ना सोबत."

सरांनी पुस्तिका वाचली. पहिली आठ-दहा पानं. त्यानंतर त्यांनी बातम्या लावून बघितल्या, थांबवून बघितल्या, निवेदिकेला मागं नेलं, पुढं आणलं. सगळं सुरळीत चाललं. आपण शिकवतो ती पृथ्वी फिरायचीही आता आपल्याला विचारूनच, अशा डौलात सर त्या दिवशी स्कूटरवरून कॉलेजात गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी सरांच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बापूसाहेब पत्नीसह आले. कॉलनीतली निम्मी माणसं आली, बावड्याहून म्हाळसाचा मामेभाऊ बिरदेव आला. मुंबईला आत्याबरोबर जायला मिळालं नाही म्हणून तो रुसलेला होता आणि निदान मागं फिरवून तरी बघू म्हणून बारामतीला आला होता. म्हाळसानं पोह्यांच्या बशा फिरवल्या आणि शेवटी स्वतः कॉम्प्युटरच्या अगदी पुढ्यात, जमिनीवर बसली. नवी साडी नेसली होती. सरांना ते दिसलं, पण त्याचा अर्थ त्यांनी काढला नाही. ते माउस धरून बसले होते.

कार्यक्रम सुरू झाला. सूत्रधारानं नमस्कार केला, पाहुण्यांची ओळख करून दिली. आणि मग कॅमेरा सरकला आणि रंगूबाई दिसल्या. डोक्यावर पदर, कपाळावर भलं मोठं कुंकू, दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबलेले. खोलीत एकच कालवा उठला.

"आत्या," बिरदेव म्हणाला. "आत्याच हाय की."

रंगूबाईंनी बोलायला तोंड उघडलं. आणि सरांनी बटण दाबलं.

चित्र थांबलं. रंगूबाई डोळे मिटलेल्या, तोंड उघडं, एक भुवई वर, अशा थांबल्या. शिंक येता येता राहावी तशा दिसत होत्या.

"बघा," सर म्हणाले. "आता मुंबईत आत्या बोलतायत. पण आपल्याकडं थांबल्यात. ते सगळं डिस्कवर साठतंय. आपण चहा घेऊ, मग पुढं जाऊ."

लोकांनी माना डोलावल्या. बापूसाहेबांनी पडद्याजवळ जाऊन चष्मा पुढं-मागं करून पाहिलं. कुणी म्हणालं, खरंच थांबल्या की. कुणी विचारलं, तिकडं त्यांना त्रास नाही ना होत. सरांनी उत्तरं दिली. डिस्क म्हणजे काय, टाकी म्हणजे काय, व्हीसीआर आणि यात फरक काय, हे सांगताना त्यांना चांगलाच रंग चढला.

"आता सोडा की," म्हाळसा म्हणाली.

"एक मिनिट. हे सांगतो."

"आई बोलतीय तिकडं."

"अगं, कुठं पळत नाही ती. सगळं साठतंय."

शेवटी त्यांनी बटण दाबलं. रंगूबाई हलल्या नाहीत. पुन्हा दाबलं. पडद्याच्या मधोमध एक चौकट उगवली आणि तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं आलं की डिस्क भरलेली आहे. सरांनी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. एवढी मोठी डिस्क, पुण्याहून टॉवेलात आणलेली, आणि भरली कशी? चौकटीत एकच बटण होतं. ते दाबल्याबरोबर चौकट गेली, तिच्याबरोबर प्रोग्राम गेला, आणि रंगूबाईही गेल्या. पडद्यावर फक्त ढगांचं निळं चित्र उरलं.

सरांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तो चालू झाला, पण नीट बंद केला नव्हता म्हणून आता आपण आधी स्वतःची तपासणी करणार, असं त्यानं इंग्रजीतून जाहीर केलं. निळ्या पडद्यावर पिवळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली. ती थांबवायचं बटण असतं, पण ते दाबलं तर आणखी काय जाईल या भीतीनं सरांनी दाबलं नाही.

"हे काय चाललंय?" कुणीतरी विचारलं.

"तपासणी."

बापूसाहेब उठले. "आमच्याकडं लावलाय बरं का टीव्ही," ते म्हणाले. कुणाकडेही न बघता म्हणाले, ते जास्त टोचलं. एक-एक माणूस उठलं. बिरदेव दोन उड्यांत कुंपण ओलांडून गेला. चपला शोधायची झुंबड उडाली आणि मग खोलीत पोह्यांच्या बशा, सर आणि म्हाळसा एवढेच राहिले.

"तू जा की," सर म्हणाले.

"तुमी एक मिनिट म्हणालात ना."

ती आतून जुना टीव्ही घेऊन आली. रुमाल काढला, वायर ओढून आणली. पण पिन बारीक होती. वायर जुन्या टीव्हीच्या मागच्या भोकात सैल बसायची आणि बोटानं धरून ठेवली तरच खरखर थांबायची. म्हाळसा एका हातानं वायर धरून, मान वाकडी करून पडद्याकडं बघत राहिली. खरखरीतून एका पुरुषाचा आवाज आला. तो गवतावरच्या किडीबद्दल बोलत होता. रंगूबाईंची वेळ संपली होती.

तेवढ्यात बापूसाहेबांच्या पत्नी दारात आल्या. त्यांचे डोळे ओले होते. "काय बोलली गं तुझी आई," त्या म्हणाल्या. "ही संस्था माझी नाही, म्हणाली. माझ्या म्हाळसानं काढली. लग्नाआधी पोर वस्त्यावस्त्यांनी हिंडली, एकेका बाईच्या उंबऱ्यावर बसली, म्हणून पहिली बरणी भरली. फोटो माझा लागलाय, पण नाव तिचं हाय. असं म्हणाली. तू ऐकलंस ना?"

म्हाळसाच्या हातातून वायर सुटली.

सरांना हे माहीत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी माहीत नव्हतं. सासूबाई अध्यक्ष आहेत एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. दर दिवाळीला ते त्या संस्थेच्या कचेरीत जायचे, रंगूबाईंच्या फोटोखाली बसून चहा प्यायचे, आणि म्हाळसा शेजारी बसलेली असायची. संस्था सुरू कशी झाली, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांनी डिस्क किती भरेल ते विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रविराज आला. त्यानं खुर्चीवर बसून दोन-चार ठिकाणी क्लिक केलं आणि मग बराच वेळ पडद्याकडंच बघत राहिला. सरांकडं बघायचं टाळत होता.

"सर, प्रोग्राम चित्र जुन्या डिस्कवर साठवत होता. तिथं जागाच नव्हती. नव्या डिस्कवर साठव, असं त्याला सांगायचं राहिलं."

"मग नव्या डिस्कवर काय आहे?"

"काही नाही सर. कोरी आहे."

सर त्या दिवशी कॉलेजात गेले नाहीत. त्यांनी स्कूटर काढली आणि ते गावात हिंडू लागले. चित्र गेलं ते गेलं, निदान शब्द तरी गोळा करावेत, असं त्यांच्या मनात आलं. बिरदेव पहाटेच बावड्याला परतला होता. ज्यांनी ज्यांनी कार्यक्रम पाहिला त्यांच्याकडून आत्या नेमकं काय बोलल्या ते विचारायचं आणि म्हाळसाला नेऊन द्यायचं.

पण विचारायचं म्हणजे आपण का बघितलं नाही हे सांगायचं. प्रत्येक ठिकाणी आधी तेच. "तुमच्याकडं तर मागं फिरवायचं यंत्र आहे म्हणे," भाजीवाल्या बाईंनी म्हटलं. सरांनी कोथिंबिरीची जुडी उगाचच उलटसुलट केली. तिच्या म्हणण्याप्रमाणे रंगूबाई म्हणाल्या होत्या, लेकीसारखी लेक नाही. डेअरीतला माणूस म्हणाला, असं काही नाही, त्या फॅटबद्दल बोलल्या आणि दूध मापात घ्या म्हणाल्या. शिंप्यानं सांगितलं की बाई रडल्या. शिंप्याच्या शेजारचा म्हणाला, रडल्या नाहीत, पदर सावरला. बापूसाहेबांनी भिंतीवर कोपरं टेकून शब्दन् शब्द सांगायचं कबूल केलं आणि त्यांच्या शब्दांत रंगूबाई मुख्यतः ग्रामीण भागातल्या दूरध्वनी सेवेबद्दल बोलल्या होत्या. सर सगळं ऐकत राहिले. व्हीसीआरबद्दल बापूसाहेबांनी अवाक्षर काढलं नाही. त्यांनी काढलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं.

घरी जाऊन त्यांनी हे सगळं म्हाळसाला सांगायला सुरुवात केली. शिंप्यापर्यंत आल्यावर तिनं हात वर केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्या तोंडून ती आईसारखी लागत न्हाय."

रंगूबाई त्याच दुपारी मुंबईहून येऊन स्टँडवर उतरल्या. हातात पेढ्यांचा पुडा, पायात नव्या चपला, गालांवर अजून तिथल्या पावडरीचा पांढरा थर. रिक्षातून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "कुठाय ते? फिरवा मागं."

सरांनी आधीच दोन-तीन वाक्यं तयार केली होती. लाइट गेली होती, असं सांगायचं होतं. पण रंगूबाई खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या, पदर नीट केला, आरशापुढं बसावं तशा, आणि सरांच्या तोंडून ती वाक्यं निघाली नाहीत. "आत्या, माझ्याकडून गेलं," ते म्हणाले. "मी थांबवलं तुम्हाला, मिरवायला. आणि ते साठलंच नाही. मी ऐकलं नाही. म्हाळसानंही नाही."

रंगूबाई लेकीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात फिरवला, टेबलाखाली वाकून वायरींचा गुंता बघितला.

"येवढं सामान आनलं," त्या शांतपणे म्हणाल्या, "आन माझं येवढंसं बोलनं मावलं न्हाय व्हय यात?"

सरांनी जन्मात कधी इतकं खाली बघितलं नव्हतं. फरशीवर पोह्याचा एक दाणा राहिला होता. ते त्या दाण्याकडे बघत राहिले.

"लोकांनी सांगितलं मला," म्हाळसा म्हणाली. "तू काय बोललीस ते."

"लोकं काय सांगत्याल." रंगूबाई उठल्या. "मी तितं दिव्यांफुडं बसून पाठ केलेलं समदं इसारले. मंग जे आतून आलं ते बोलले. तू ऐकत आसशील म्हनून बोलले. चल आत."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटलं गेलं. सर बाहेरच्या पायरीवर बसले. आतून रंगूबाईंचा आवाज येत होता, शब्द नाहीत, नुसता आवाज, मध्येच थांबणारा, मग पुन्हा सुरू होणारा. बराच वेळ आला. कुंपणापलीकडून बापूसाहेबांनी डोकं वर काढलं, सरांचा चेहरा बघितला आणि एरवी कधी करत नाहीत ते केलं. काही न विचारता आत निघून गेले.

संध्याकाळच्या गाडीनं रंगूबाई बावड्याला गेल्या. सर त्यांना स्कूटरवरून स्टँडवर सोडून आले. वाटेत त्या म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नगा, तुमी चांगल्या मनानंच केलंत," आणि ते ऐकून सरांना शिव्या परवडल्या असत्या असं झालं.

ते परत आले तेव्हा म्हाळसा बैठकीच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. सर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनीही एक जुडी ओढून घेतली. काड्या जास्त आणि पानं कमी, अशी ते ती निवडू लागले.

"काय म्हणाल्या आत्या?"

"ते आमचं आमच्यात राहू दे."

"बरं." त्यांनी आणखी दोन काड्या खुडल्या. मग मेथीकडंच बघत म्हणाले, "मग तू सांग. संस्था कशी काढलीस ते. मी कधी विचारलं नाही."

म्हाळसानं त्यांच्या ताटातली नुसत्या काड्यांची मेथी स्वतःकडं ओढली. ती पुन्हा निवडायला घेतली. मग म्हणाली, "पहिली मी गेले ठमाबाईकडं. माळावर राहायची, वस्तीच्या टोकाला. कुत्रं बांधलेलं न्हवतं तिचं…"

दारावरची घंटा वाजली. पाठोपाठ बापूसाहेबांचा आवाज आला, "सर, आहात का?"

म्हाळसा बोलायची थांबली. उठून दाराकडं जाणं सरांच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्यांचा एक गुडघा उचलला गेलाच. त्यांनी तो पुन्हा खाली टेकवला.

"वाजू दे," ते म्हणाले. "कुत्रं बांधलेलं नव्हतं. मग?"